उष्ण खाऱ्या पाण्यातील नौका

काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. बांधकाम इतके भारी झाले की नदीकाठच्या जमिनीला ते पेलले नाही आणि घाटाचा काही भाग खचला, असे सांगतात. घाटाच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे, आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्याखाली असतो. यात्रेकरूंचे लक्ष साहजिकच त्या कललेल्या शिखराकडे जाते. परंतु समुद्राकाठी वाढलेला कोणी तांडेल या घाटावर आला, तर त्याची नजर मंदिरावरून उतरून पायऱ्यांशी बांधलेल्या होड्यांवर खिळेल. लाकडी फळ्या, त्यांना जोडणारे लोखंडी खिळे, फटींमध्ये ठासलेले सूत आणि वरून डांबराचा लेप: एवढ्याच साहित्यावर ही होडी उभी असते. पाणी उतरले की ती वाळूत ओढून पालथी घालतात, फटी पुन्हा बुजवितात, डांबर आणि रंग देतात आणि पुन्हा पाण्यात लोटतात. अलीकडे, २०२१ पासून, यांपैकी अनेक होड्यांची डिझेल इंजिने काढून नैसर्गिक वायूवर चालणारी इंजिने बसविण्यात आली. पण होडीचे बूड पूर्वीचेच राहिले. अशी होडी वर्षानुवर्षे पाण्यात असते आणि नावाड्याला तिच्या तळाविषयी फारशी चिंता करावी लागत नाही.

हीच होडी उचलून मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरात नांगरून ठेवली, तर काय होईल? पहिल्या काही दिवसांतच तिच्या तळाला बुळबुळीत थर चढेल. काही आठवड्यांत त्यावर चुन्याच्या लहान लहान शंकूंचे खडबडीत पीक येईल. खिळ्यांची डोकी फुगू लागतील आणि त्यांच्या भोवतालचे लाकूड काळे पडेल. आणि एखाद्या मोसमातच, वरून धडधाकट दिसणारी एखादी फळी अंगठ्याने दाबली असता आत जाईल. मनुष्य तोच, होडी तीच. बदलले ते केवळ पाणी. या बदलाची कारणे समजून घेतल्याखेरीज त्यावरचे उपाय म्हणजे नुसती घोकंपट्टी ठरते. म्हणून आधी कारणांकडे वळू.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. गंगेच्या पाण्यात हे प्रमाण एका ग्रॅमच्या अंशाइतकेच असते. समुद्रातील क्षारांपैकी बहुतांश भाग आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचाच आहे. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे धातूंच्या नाशाचे मूळ यातच आहे. दुसरी गोष्ट उष्णतेची. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वर्षातील बहुतेक काळ २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम रसायनशास्त्रात सांगितला जातो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे गंजण्याच्या क्रियेला थोडा आळा बसावा असे वाटेल. परंतु हा लाभ तोट्याच्या मानाने लहान आहे. शिवाय थंड समुद्रात जीवजंतूंची वाढ ठरावीक ऋतूपुरती असते, हिवाळ्यात ती जवळजवळ थांबते. आपल्याकडे तशी विश्रांती नाही. तळावर चिकटण्यास उत्सुक असलेले डिंभ पाण्यात जवळजवळ बाराही महिने तरंगत असतात.

लाकडाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे टेरेडो. त्याला जहाजकृमी म्हणतात, पण तो कृमी नव्हे. शिंपल्या आणि कालवे ज्या मृदुकाय प्राण्यांच्या वर्गात मोडतात त्याच वर्गातला तो आहे. फरक इतकाच की त्याच्या शिंपल्याच्या दोन झडपा आखडून डोक्याशी आल्या आहेत आणि उरलेले मऊ शरीर लांबलचक दोरीसारखे झाले आहे. झडपांच्या कडांवर कानशीसारखे बारीक दाते असतात. त्यांनी लाकूड खरवडीत तो आत शिरतो. आत शिरताना तो जे छिद्र पाडतो ते टाचणीच्या टोकाएवढे असते, कारण त्या वेळी तो स्वतःच तेवढा असतो. पुढे तो आतल्या आत वाढतो, बोगदा रुंदावतो, त्याला चुन्याचा गुळगुळीत गिलावा करतो आणि खरवडलेले लाकूड खातो. लाकडातील काष्ठतंतू पचविणे हे बहुसंख्य प्राण्यांना साधत नाही. टेरेडोच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू त्याला लागणारी पाचक द्रव्ये पुरवितात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र फळीवर काही टाचण्या टोचल्यासारखी छिद्रे दिसतात, आणि तीही नीट निरखून पाहिली तर. शेजारी शेजारी शेकडो बोगदे असूनही ते एकमेकांना सहसा छेदत नाहीत. त्यामुळे फळीचा आकार शेवटपर्यंत टिकतो आणि ताकद नाहीशी होते.

या प्राण्याने इतिहासात अनेकदा हात दाखविला आहे. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत कॅरिबियन समुद्रातील उष्ण पाण्याने त्याच्या जहाजांचे तळ असे पोखरले की १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि त्याला तेथे वर्षभर अडकून पडावे लागले. १७३१ मध्ये हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी खांब पोखरलेले आढळले तेव्हा सबंध देशाच्या काळजात धस्स झाले, कारण त्या बांधांच्या आड त्यांची शेते समुद्राच्या पातळीखाली होती. एका प्रसंगी मात्र हा प्राणी माणसाच्या उपयोगी पडला. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने टेरेडोची खोदण्याची आणि मागोमाग अस्तर लावण्याची रीत पाहून बोगदा खणण्याचे ढालीसारखे यंत्र योजिले आणि त्याच्या साहाय्याने १८२५ ते १८४३ या काळात लंडनमध्ये थेम्स नदीखालून बोगदा काढला.

टेरेडोच्या बहुतेक जातींना खारट पाणी लागते. काशीची होडी वाचते ती यामुळे. कोकणच्या खलाशांनी या गोष्टीचा उपयोग शास्त्र न शिकताही करून घेतला होता. आषाढ लागण्यापूर्वी होड्या आणि पडाव किनाऱ्यावर ओढावयाचे, झावळ्यांनी शाकारून ठेवावयाचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटावयाचे, ही चाल केवळ वादळी समुद्राच्या भीतीने पडली असे समजणे अपुरे होईल. टेरेडोच्या शेपटीकडील टोकाला दोन चिमुकल्या फळ्या असतात. पाणी गेले की त्या फळ्यांनी तो बिळाचे तोंड झाकतो आणि आतल्या ओलाव्यावर कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे, तग धरतो. चार दिवसांच्या ओहोटीने तो मरत नाही. सबंध पावसाळाभर छपराखाली ठेवलेल्या होडीत मात्र त्याचा निभाव लागणे कठीण. ज्यांना होडी ओढून काढणे शक्य नसे ते ती खाडीत वर, गोड्या पाण्याच्या दिशेने नेऊन ठेवीत. पावसाळ्यात नदीचे पाणी खाडी भरून टाकते, आणि मग टेरेडोलाही आणि तळावरच्या शिंपल्यांनाही ते मानवत नाही. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. तिचा हेतू माशांच्या पैदाशीचे रक्षण हा आहे. पण होडीच्या तळालाही त्या दिवसांचा लाभ होतो, हे दर्याकाठी कोणालाही सांगावे लागत नाही.

मोठ्या जहाजांना अशी विश्रांती कोठून मिळणार? त्यांच्यासाठी गोदी हवी. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी वाघोटण खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. मुंबईची सुकी गोदी १७५० च्या सुमाराची. तेथे सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मलबारी सागवानाची जी जहाजे बांधली त्यांची कीर्ती मोठी आहे. १८१३ चे 'कॉर्नवॉलिस' हे त्यांपैकीच. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्याच फलकावर झाला. १८१७ चे 'त्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागवानात तेल असते, ते लोखंडी खिळ्यांना ओकाइतके गंजवीत नाही आणि कुजतही नाही. परंतु सागवान म्हणजे अभेद्य कवच नव्हे. उष्ण समुद्रात टेरेडो सागवानही खातो, फक्त सावकाश. म्हणून सागवानावर लेप हवाच. आपल्या किनाऱ्यावर जुन्या काळी तो चुना आणि तेल यांचा असे. कोठे त्यात राळ मिसळीत, कोठे चरबी. चुना, ताग आणि झाडाचे तेल एकत्र कुटून जहाजांचे तळ लेपतात, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले आहे. फळ्यांमधील फटी बुजविण्याच्या कामाला खलाशांच्या हिंदीत 'कालापट्टी' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आला आहे. तो काळ्या डांबराच्या पट्टीवरून पडला असावा, असे मराठी वाचकास सहज वाटेल. परंतु शब्दांचे गलबत कोठून कोठे येऊन लागेल याचा नेम नसतो.

आता धातूंकडे येऊ, कारण या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग येथे आहे.

इंग्रजी आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पातळ पत्र्यांनी मढविला आणि तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात पाठविले. हेतू टेरेडोला रोखणे हा होता, आणि तो साधला. तांब्यावर शेवाळ व शिंपलेही जमले नाहीत. परंतु १७६३ मध्ये नौका तपासली तेव्हा काही ठिकाणी पत्रे सुटून पडलेले आढळले. पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळे जणू कोणी चघळून थुंकावे तसे झाले होते. आणि एक चमत्कारिक गोष्ट अशी की, काही ठिकाणी खिळे शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कामगारांनी तेथे काढलाच नव्हता. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये तो कागद राहिला होता. कामगारांच्या आळसाने शास्त्राला एक प्रयोग फुकट करून दिला.

या घटनेचा अर्थ लागण्यास पुढे चाळीस वर्षे जावी लागली. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० मध्ये दाखविले की दोन निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात भिजलेल्या कापडाने जोडले तर वीज वाहू लागते. म्हणजे तांब्याने मढविलेली आणि लोखंडाने ठोकलेली नौका समुद्रात सोडणे म्हणजे एक प्रचंड विद्युत्‌घट तरंगत ठेवण्यासारखेच होते. अशा घटात जो धातू आपले वीजकण अधिक सहजपणे सोडतो तो विरघळत जातो आणि दुसरा धातू सुरक्षित राहतो. मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, शिसे, पितळ, तांबे, कासे असा साधारण क्रम समुद्राच्या पाण्यात लागतो. आधीचा नंतरच्यासाठी झिजतो. क्षेत्रफळाचेही महत्त्व आहे. झिजणारा धातू लहान आणि त्याला झिजविणारा मोठा असला तर नाश फार वेगाने होतो. 'अलार्म'वर नेमके हेच झाले: इवलेसे खिळे आणि भोवती तांब्याचे पत्रेच पत्रे.

हम्फ्री डेव्ही याने या शापाचे वरदानात रूपांतर करण्याचा प्रयत्न केला. तांबेही समुद्रात हळूहळू विरघळत असे आणि आरमाराला तो खर्च डाचत असे. डेव्हीने १८२४ मध्ये सुचविले की तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे लहान तुकडे जोडावेत. ते झिजतील आणि तांबे वाचेल. प्रयोगशाळेत हे तंतोतंत खरे ठरले. मग 'समरंग' नावाची नौका या तुकड्यांसह समुद्रात पाठविण्यात आली. ती कोचीन येथे बांधलेली होती, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. नौका परत आली तेव्हा तांबे खरोखरच शाबूत होते, पण त्यावर शिंपल्यांचे आणि शेवाळाचे रान माजले होते. कारण उघड आहे, निदान आज ते उघड वाटते: तांब्याचा तळ स्वच्छ राहतो तो तांबे किंचित विरघळून त्याचे विष पाण्यात उतरते म्हणून. विरघळणे थांबविले की विषही थांबले. आरमाराने ते तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. लोकांनी डेव्हीची थट्टा केली, आणि ती अन्यायाची होती. त्याचे शास्त्र बरोबर होते. फक्त तांब्याकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा केली गेली होती. पुढे जहाजे पोलादाची झाली तेव्हा डेव्हीची युक्तीच त्यांच्या कामी आली. आज पोलादी जहाजांच्या तळाला, सुकाणूला आणि मळसूत्राच्या दांड्याला जे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात ते त्याचेच वारस आहेत. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा, असा प्रघात आहे. आणि त्याला रंग कधीही देऊ नये. नौका रंगविताना उत्साहाच्या भरात ठोकळाही रंगविला जातो, त्याचा पाण्याशी संबंध तुटतो आणि मग झिजण्याचे काम सुकाणूकडे जाते. काशीसारख्या गोड्या पाण्यात एखादी पोलादी नौका ठेवावयाची असेल तर जस्त नीट काम देत नाही; तेथे मॅग्नेशियमचा ठोकळा लागतो, कारण गोडे पाणी विजेला फार विरोध करते.

या विषयावर भारतात पद्धतशीर काम झाले आहे. १९५३ मध्ये कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत्‌रासायनिक संशोधन संस्था सुरू झाली. मंडपम येथे समुद्रकाठी तिचे केंद्र आहे आणि तेथे निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्यात व पाण्यात ठेवून त्यांचे गंजणे मोजतात. त्याच वर्षी मुंबईच्या नौदल गोदीत एक लहान प्रयोगशाळा निघाली. तिचेच रूपांतर आज अंबरनाथ येथील नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत झाले आहे. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, गोव्याला दोना पावला येथे, तळावर चिकटणाऱ्या जीवांचा अभ्यास चालतो.

या चिकटणाऱ्या जीवांत बार्नॅकल हा प्रमुख होय. खडकावर, धक्क्याच्या खांबावर, होडीच्या तळावर जे पांढरे, धारदार, शंकूसारखे कवच दिसते आणि ज्याने अनेकांचे पाय कापले आहेत तो हा प्राणी. दिसावयास शिंपल्यासारखा, पण गोत्र खेकड्याचे आणि कोळंबीचे. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच्या अभ्यासात घालविली. याचा डिंभ पाण्यात पोहत येतो, पृष्ठभागावर आपल्या स्पर्शिकांच्या टोकांनी अक्षरशः चालून पाहतो, जागा पारखतो आणि पसंत पडली तर डोक्याकडून एक गोंद सोडून तेथे कायमचा चिकटतो. उरलेले आयुष्य डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत, पायांनी अन्न तोंडात लोटीत तो काढतो. हा गोंद पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर घट्ट बसतो. माणसाने बनविलेल्या फार थोड्या गोंदांना ते साधते. पृष्ठभाग जर आधीच जीवाणू व सूक्ष्म शैवाले यांच्या बुळबुळीत थराने माखलेला असेल तर जीवांची वस्ती पुढे वाढत जाते. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते: थर कोवळा असतानाच मऊ फडक्याने पुसून काढणे सोपे, तो चुनखडी झाल्यावर खरवडणे म्हणजे रंगही खरवडणे.

शिडाच्या नौकेला तर हे ओझे विशेष जाचते, कारण तिच्याजवळ वाढविण्यास इंजिनाची शक्ती नसते. कवचांचा जाड थर बसलेल्या युद्धनौकेला तोच वेग राखण्यासाठी ८० टक्क्यांहूनही अधिक जादा शक्ती लागू शकते, असा हिशेब आहे. शिडाच्या नौकेला ही शक्ती वाऱ्याकडून उसनी घेता येत नाही. ती फक्त मंद होते. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांना किनाऱ्याच्या बार्नॅकलांऐवजी देठाचे बार्नॅकल त्रास देतात. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत काही नौकांच्या तळांवर यांची इतकी दाट वाढ झाली की त्या हतबल झाल्या. याच शर्यतीत भारतीय नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी दुसरे आले. त्यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता केलेली प्रदक्षिणा आणि त्यापूर्वी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी केलेली भारतीयाची पहिली एकट्याची प्रदक्षिणा, या दोन्ही 'म्हादेई' नावाच्या नौकेवर झाल्या. ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेली. तिचा तळ लाकडाच्या पट्ट्यांचा असून आतून-बाहेरून काचतंतू आणि राळ यांनी मढविलेला आहे. म्हणजे टेरेडोला लाकूड दिसतच नाही.

बार्नॅकलांना दूर ठेवण्यासाठी रंगात तांब्याचे संयुग मिसळतात. ते हळूहळू पाण्यात उतरते. 'अलार्म'चाच मार्ग, फक्त पत्र्याऐवजी रंग. ॲल्युमिनियमच्या तळाला मात्र हा रंग चालत नाही, कारण वर सांगितलेला धातूंचा क्रम तेथेही लागू पडतो. १९६० नंतर ट्रायब्युटिल कथील हे द्रव्य रंगांत आले. ते इतके प्रभावी होते की वर्षानुवर्षे तळ स्वच्छ राहू लागले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास खुंटली आणि त्यांची कवचे विकृत होऊ लागली. तेथे नांगरलेल्या होड्यांच्या रंगातून उतरणारे हे द्रव्य त्याचे कारण ठरले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी केली. पुढे २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला आणि सर्वच जहाजांवरून ते हद्दपार झाले. आता सिलिकोनचे गुळगुळीत लेपही वापरतात. त्यांत विष नसते. बार्नॅकल चिकटतो, पण नौका वेगाने चालली की घसरून पडतो. धक्क्याशी महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या नौकेला अर्थातच त्यांचा उपयोग थोडा.

काचतंतूंच्या नौकेला टेरेडो नाही, गंज नाही. मग ती निर्वेध म्हणावी काय? येथे एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. या नौकेच्या बाहेरच्या चकचकीत थरातून पाण्याचे कण अत्यंत सावकाश आत झिरपतात, आतील राळेतून सुटलेल्या द्रव्यांत मिसळतात आणि तेथे दाट द्रावण तयार होते. ते आणखी पाणी ओढून घेते. शेवटी आतील दाबाने बाहेरच्या थरावर फोड येतात. मनुका पाण्यात टाकल्या असता फुगतात, तीच ही क्रिया. उष्णतेने ती वेग घेते, हे ओघानेच आले. परंतु बाहेरचे पाणी जितके खारट तितकी ही ओढ कमी, कारण दोन्ही बाजूंच्या दाटपणातील फरक कमी होतो. म्हणजे काचतंतूंची नौका मालवणपेक्षा शिंदे घाटाच्या उष्ण गोड्या पाण्यात फोडांना लवकर बळी पडेल. खारे पाणी सर्वच बाबतींत वाईट, असा सोपा समज येथे लटका पडतो. यावर उपाय म्हणजे तळाला एपॉक्सी राळेचे थर देणे आणि वर्षातून काही आठवडे नौका कोरडी ठेवणे.

राहिला तो चाकांचा गाडा, म्हणजे ट्रेलर. मुंबईच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची आहे. परंतु मोटारीमागे ट्रेलर जोडून शिडाची लहान नौका किनाऱ्यावर न्यावयाची, उतारावरून गाडा पाण्यात घालावयाचा, नौका तरंगली की गाडा रिकामा बाहेर काढावयाचा, ही रीत फार पुढची. आमचे कोळी होडीखाली ओंडके ठेवून ती ओढतात. ओंडक्याला गंजण्यासारखे काही नसते. ट्रेलरचे तसे नाही. नौका पाण्यासाठीच बांधलेली असते, तिच्या रंगाची आणि ठोकळ्यांची काळजी सारे घेतात. गाड्याकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि वस्तुतः नाशाचा धोका त्यालाच अधिक असतो. सतत बुडालेल्या लोखंडाला प्राणवायू मोजकाच मिळतो. बुडवून बाहेर काढलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याची पातळ साय राहते. तिच्यातून प्राणवायू सहज पोहोचतो, पाणी उडून गेले की मीठ अधिकच दाट होते, आणि रात्रीच्या दमट हवेत ते पुन्हा ओले होते. समुद्रातील खांब भरती-ओहोटीच्या तुषारांच्या पट्ट्यात सर्वाधिक गंजतात ते याच कारणाने. ट्रेलर म्हणजे सबंधच्या सबंध तुषारांचा पट्टा.

रंग दिलेल्या पोलादी सांगाड्यापेक्षा वितळलेल्या जस्तात, सुमारे ४५० अंश सेल्सिअसला, बुडवून काढलेला सांगाडा किती तरी टिकाऊ. रंगाला चरा पडला की तेथून गंज रंगाखाली सरकतो. जस्ताला चरा पडला तर भोवतीचे जस्त स्वतः झिजून उघड्या पोलादाला सांभाळते. येथे पुन्हा डेव्हीची आठवण होते. मात्र सांगाडा पोकळ नळ्यांचा असेल तर आतली बाजूही जस्तात बुडालेली असली पाहिजे आणि खालच्या टोकाला पाणी वाहून जाण्यास भोक असले पाहिजे. नाहीतर नळी बाहेरून नवी आणि आतून वाळवी लागल्यासारखी होते. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असतो, पण त्याला न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट लावले तर सांध्यावर नायलॉनची चकती घालून दोन धातू अलग ठेवावे लागतात. 'अलार्म'वरील तपकिरी कागदाचे काम ही चकती करते. 'न गंजणारे' हे नावही सावधपणेच घ्यावे. त्या पोलादाचे रक्षण त्याच्यावरील अतिशय पातळ प्राणिदाच्या पापुद्र्याने होते, आणि तो पापुद्रा टिकण्यास प्राणवायू हवा. ओल्या लाकडात रुतलेल्या, फटीत अडकलेल्या बोल्टाला तो मिळत नाही. उष्ण खाऱ्या पाण्यात अशा ठिकाणी खोल खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ क्रमांकाची जात यास अधिक तोंड देते, साधी ३०४ क्रमांकाची तितकी नाही.

सर्वांत दगा देतात ती चाकांची बेअरिंगे. लांबच्या रस्त्याने आलेल्या ट्रेलरचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापलेला असतो आणि त्याच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. असा तुंबा समुद्रात बुडविला की ती हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते आणि आत जी पोकळी होते ती पाणी ओढून घेते. रबरी कडे बाहेरून येणारी धूळ अडवू शकते, पण आतून होणारी ही ओढ त्याला आवरत नाही. आत गेलेले खारे पाणी वंगणात मिसळते, गोळ्यांवर गंज धरतो आणि परतीच्या वाटेवर, बहुधा घाटाच्या चढावर, चाक अडकते किंवा निखळते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर तुंबा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. शीड उभारणे, दोर लावणे ही कामे त्या वेळात उरकून घेता येतात. तुंब्यावर स्प्रिंग असलेले वंगणाचे टोपण बसविले तर आतील वंगणावर थोडा दाब कायम राहतो आणि पाण्याला आत येण्यास जागा उरत नाही. वंगणही पाण्याने धुऊन न जाणारे, नौकांसाठी बनविलेले असावे. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच, मीठ वाळण्याच्या आत, सांगाड्याला, पाट्यांच्या थरांना आणि चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याने धुवावे. नुसती वरवर पिचकारी मारून भागत नाही. नळीचे तोंड पोकळ नळ्यांच्या भोकांत धरून खालून निघणारे पाणी चवीला अळणी लागेपर्यंत ते सोडीत राहावे.